खिशांतला चाकू आणि कमरेची कोयती

बाजारांत ज्या वस्तूला शंभर-दोनशें रुपयांपलीकडे कोणी किंमत देणार नाहीं, ती हरवली असतां माणूस दिवसभर कां हळहळतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे मनुष्याच्या मनाची बरीच ओळख पटते. सोन्याची अंगठी हरवली तर दुःख होतें यांत नवल नाहीं. पण ज्याचें पातें झिजून अर्धें राहिलें आहे, ज्याची मूठ दोऱ्यानें बांधलेली आहे, असा एखादा जुना चाकू हरवला म्हणजे त्याच्या जागीं नवा कोरा चाकू आणून दिला तरी मालकाचें समाधान होत नाहीं. "अगदीं तसाच आणला आहे ना?" असें आपण विचारतों, तो म्हणतो, "तसाच आहे, पण तो नाहीं." 'तसाच' आणि 'तो' या दोन शब्दांत जें अंतर आहे, त्याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. येथें सोयीसाठीं त्यांत भेद करूं. बाजार ठरवितो ती किंमत; वापर ठरवितो तें मोल. किंमत पहिल्या दिवशीं सर्वांत अधिक असते आणि पुढें उतरत जाते. मोल पहिल्या दिवशीं शून्य असतें आणि पुढें वाढत जातें. हें विधान खरें कीं खोटें, हें आपल्याच मुलखांतील एका हत्यारावर पडताळून पाहूं.

कर्जत आणि खालापूर हे आपल्या रायगड जिल्ह्याचे (१९८१ पूर्वीं कुलाबा जिल्ह्याचे) सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले दोन तालुके. एकांतून उल्हास नदी वाहते, दुसऱ्यांतून पाताळगंगा. जिल्हा समुद्रकांठचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी या दोन तालुक्यांच्या वाट्याला आलीं आहेत तीं भातशेतें, डोंगर आणि रान. या रानाच्या आश्रयानें ठाकर आणि कातकरी यांच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या राहत आल्या आहेत. तेथील जुन्या माणसाच्या अंगावर खिसा नसे. लंगोटी आणि फार तर एक बंडी, एवढाच पोशाख. म्हणून त्याचा चाकू खिशांत न राहतां कमरेस राही. कमरेच्या दोरीला पाठीमागें एक लांकडी आकडी बांधतात व तींत कोयती अडकवितात. हात मागें नेला कीं मूठ हातांत येते; न पाहतां काढतां येते आणि न पाहतां परत अडकवितांहि येते. आजहि डोंगराकडे निघालेल्या माणसाच्या पाठीशीं ती दिसते. आपल्या खिशांतील चाकूची ही थोरली बहीण होय. आणि रोजच्या हत्याराविषयींची माया समजून घेण्यास तिच्याइतकें जवळचें उदाहरण आपल्या भागांत दुसरें नाहीं.

या कोयतीचें वर्ष पाहा. भात कापून झालें कीं राबाची तयारी सुरू होते. ऐन, किंजळ इत्यादि झाडांच्या पानांसकट लहान फांद्या तोडतात. त्यास कवळ म्हणतात. तो वाळवून, रोपांच्या जागेवर पसरून, शेण व पालापाचोळ्यासह उन्हाळ्यांत जाळतात. त्यामुळें तण जळतें, राखेचें खत मिळतें आणि पावसाच्या आरंभीं पेरलेलें भाताचें रोप जोमानें वर येतें. हा कवळ कोयतीनें तुटतो. झोंपडीच्या कुडासाठीं कारवी तीच कापते, टोपलीसाठीं बांबू तीच फोडते, चुलीचें जळण तीच तोडते. हें हत्यार केवळ पुरुषाचें असेंहि नाहीं. रानांतून मोळी आणणाऱ्या स्त्रीच्या हातींहि तें असतें. कातकऱ्यांच्या तर नांवांतच त्यांचा जुना धंदा आहे. खैराच्या लांकडाचे बारीक तुकडे उकळून ते कात काढीत. पुढें तो धंदा गेला. कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर दरवर्षीं स्थलांतर करण्याची पाळी अनेकांवर आली. घर सुटलें, गांव सुटलें, तरी कोयती बरोबर गेली.

आतां ती घडते कशी, हें पाहूं. लोहार पुष्कळदां मोटारलॉरीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा घेतो. कमानपाटा म्हणजे स्प्रिंगचें पोलाद. त्यांत कर्बाचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या आसपास असतें, आणि मऊ लोखंड व पोलाद यांतील भेद मुख्यतः या थोड्याशा कर्बाचा आहे. तुकडा भट्टींत लाल करून, ऐरणीवर ठोकून त्याला पात्याचा वांक व उतार देतात. नंतर तो पुनः लाल तापवून एकदम पाण्यांत बुडवितात. यालाच पाणी देणें म्हणतात. अशा रीतीनें एकदम निवालेलें पोलाद फार कठीण होतें, पण तितकेंच ठिसूळहि होतें. म्हणून त्यास पुनः बेताची ऊब द्यावी लागते. त्या वेळीं घासून उजळलेल्या पृष्ठावर प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटीं निळा असे रंग चढत जातात. कोठें थांबावें हें लोहाराचा डोळा ठरवितो. लवकर थांबला तर पातें गांठीवर आपटून तुकडा उडेल; उशिरा थांबला तर धार टिकणार नाहीं. अशा डोळ्यानें व हातानें घडलेल्या दोन कोयत्या एकाच लोहाराच्या असल्या तरी सर्वस्वीं सारख्या कधींच नसतात. म्हणजे 'तसाच' ही गोष्ट येथें आरंभापासूनच कठीण आहे.

परंतु घडणींतला हा वेगळेपणा मायेला पुरेसा नाहीं. दुकानीं टांगलेल्या दहा कोयत्यांपैकीं एकीवरहि कोणाचा जीव नसतो. तो पुढें जडतो, आणि त्याचीं कारणें मला तीन दिसतात.

पहिलें कारण झीज. धार लावण्याच्या प्रत्येक वेळीं दगडावर पात्याचा थोडासा अंश राहतो. कोणी टोंकाकडे अधिक घासतो, कोणी मुठीकडे. त्याप्रमाणें पात्याचा आकार बदलतो. मूठ तळहाताच्या घामानें काळीभोर व गुळगुळीत होते. आंगठा जेथें टेकतो तेथें खळगा पडतो. उलट हातालाहि तिचे घट्टे पडतात. हातानें हत्यार घडविलें आणि हत्यारानें हात. दुसऱ्याची कोयती घेतली तर ती परकी वाटते, तें यामुळेंच.

दुसरें कारण सोबत. ज्या वस्तूनें आपल्याबरोबर कष्ट केले, तिच्याविषयीं आपल्याला एक प्रकारची कृतज्ञता वाटते. वस्तूला मन नाहीं हें आपण जाणतों. पण आपल्याला मन आहे, आणि अंधारांत, पावसांत, एकटेपणांत जें हातीं होतें तें त्या मनाला निर्जीव वाटत नाहीं. दसऱ्याच्या सुमारास आपल्या गांवोगांवीं विळे-कोयते घासून पुसून मांडण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशीं हीच कृतज्ञता आहे. कोणाचा धर्म कोणताहि असो, ही भावना सर्वांना समजण्यासारखी आहे.

तिसरें कारण वारसा. आणि तें या दोहोंहून खोल आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एक ठाकर गृहस्थ मुलाचें नांव दाखल करण्यास आमच्याकडे आले होते. मुलानें बापाला कोयती फाटकाजवळच्या झाडाखालीं ठेवावयास लावली होती. नव्या शाळेंत आपलें हंसें होईल अशी त्याला धास्ती. काम आटोपल्यावर मी त्यांच्यासमवेत फाटकापर्यंत गेलों व ती कोयती पाहावयास मागितली. ते म्हणाले, "गुरुजी, ही माझे बापाची. पातं दोनदां बदललं, मूठ एकदां." हिशेब केला तर बापाच्या वेळचा एक कणहि तींत उरला नव्हता. तरी ती बापाचीच होती, आणि हें सांगतांना त्यांच्या मुद्रेवर शंकेचा लेश नव्हता. मुलगा जवळ उभा राहून ऐकत होता. ही हकीकत त्यालाहि त्या दिवशींच प्रथम कळली असावी; कारण फाटकाबाहेर पडतांना कोयती त्याच्या हातांत होती.

प्लूटार्क या ग्रीक ग्रंथकारानें थीसियस नांवाच्या वीराच्या नौकेची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनीं ती नौका पुष्कळ काळ जतन केली. एखादी फळी कुजली कीं ती काढून तेथें नवी बसवीत. पुढें तत्त्ववेत्त्यांत वाद पडला कीं, ही तीच नौका कीं दुसरी? हा वाद आजपर्यंत चालू आहे. त्या ठाकर गृहस्थांनीं तो फाटकाशीं उभ्या उभ्या सोडविला. नवें पातें बसलें तें जुन्या मुठींत; नवी मूठ तासली ती जुनीच्या मापानें; आणि दोन्ही वेळां तेंच काम, त्याच रानांत, त्याच घरासाठीं पुढें चालू राहिलें. वस्तूचें एकपण तिच्या कणांत नसून ती ज्या क्रमानें हातांतून हातांत आली त्या अखंड क्रमांत असतें. घराण्याचेंहि तसेंच नाहीं का? माणसें बदलतात, घराणें तेंच राहतें.

कोयतीकडून आतां खिशांतील चाकूकडे वळूं. चाकू हा शब्द तुर्की-फार्सी वाटेनें आपल्याकडे आला. पूर्वींच्या विद्यार्थ्याचा व कारकुनाचा तो जिवलग सोबती. कारण बोरूची लेखणी त्याच्याशिवाय होत नसे. बोरू उतरता तासावयाचा, टोंकाला मधोमध चीर पाडावयाची, आणि मग टोंक तिरकें छाटावयाचें. अक्षराचें वळण व जाडी या शेवटच्या छाटावर अवलंबून. फार्सींत अशा चाकूला कलमतराश म्हणत. इंग्रजींतील 'पेननाइफ' हें नांवहि पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडलें. म्हणजे ज्या विद्येसाठीं तुम्ही येथें येतां तिच्या आरंभीं, लेखणीच्याहि आधीं, चाकू आहे. मुलाचा पहिला बोरू वडील कापून देत. दुसरा तो स्वतः कापूं लागे. चाकू हातीं येणें म्हणजे 'आतां तुझ्यावर विश्वास आहे' असें वडिलांनीं न बोलतां सांगणें होय. पुढें टांक आला, झरणी आली, पेन्सिलीला टोंक काढण्याचें लहान यंत्र आलें, आणि हा न बोललेला धडा मागें पडला.

वडील मंडळींच्या चंचींत सुपारीसाठीं अडकित्ता असे. तोहि याच कुळांतला. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं गांवोगांव हिंडून असे अडकित्ते, दिवे, भांडीं, दौती इत्यादि घरगुती वापराच्या हजारों वस्तु जमविल्या. हीं राजेलोकांचीं रत्नें नव्हेत. तुमच्या-आमच्या आज्या-पणज्यांच्या हातांतून गेलेल्या या वस्तु. त्या संग्रहालयास केळकरांनीं अल्प वयांत निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचें नांव दिलें. आज 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' म्हणून तें प्रसिद्ध आहे. परक्यांच्या घरांतील स्मृति ज्यानें जपल्या, त्यानें त्यांच्यामध्यें आपलीहि एक स्मृति ठेवली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

असेंच एक उदाहरण दूर स्वित्झर्लंड देशांतलें आहे. १८८४ सालीं कार्ल एल्सेनर यानें इबाख या गांवीं चाकूसुऱ्यांचा कारखाना काढला. १८९१ पासून तो तेथील सैनिकांना घडीचे चाकू पुरवूं लागला, आणि १८९७ मध्यें त्यानें अधिकाऱ्यांसाठीं अधिक हलका व अनेक पात्यांचा चाकू केला. जगभर गेलेला लाल मुठीचा चाकू तो हाच. १९०९ मध्यें एल्सेनरची आई वारली. तिचें नांव विक्टोरिया. तेंच त्यानें आपल्या मालाला दिलें. पुढें १९२१ मध्यें न गंजणाऱ्या पोलादाचें 'इनॉक्स' हें नांव त्यास जोडलें गेलें आणि 'विक्टोरिनॉक्स' हा शब्द झाला. लक्षावधि लोक हा चाकू खिशांत बाळगतात. त्यांच्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल कीं, आपण एका मुलानें जपलेलें आईचें नांव बाळगीत आहों. यंत्रावर सारखे निघालेले ते चाकू प्रथम कोणाचेच नसतात. पुढें एखाद्यानें त्यानें दहा वर्षें सफरचंद कापलें, दोऱ्या सोडविल्या, मुलाला शिटी करून दिली, म्हणजे तोहि 'तसाच' न राहतां 'तो' होतो. मोल यंत्राला देतां येत नाहीं आणि यंत्राला काढूनहि घेतां येत नाहीं.

या मोलाचा खरा प्रत्यय हानीच्या वेळीं येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळगडाच्या कुशींत वसलेली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखालीं गाडली गेली. त्या रात्रीं जीं माणसें गेलीं, त्यांच्यापुढें कोणत्याहि वस्तूची गोष्ट काढणें शोभणार नाहीं. परंतु माणसें जातात तेव्हांच वस्तूंचा अर्थ बदलतो, हेंहि तितकेंच खरें. अशा आपत्तीनंतर पंचनामा होतो. घर, भांडीं, गुरें, धान्य यांची नोंद होते. भरपाई ठरते, आणि ती ठरलीच पाहिजे. पण आज्याच्या हातची कोयती त्या कागदावर फार तर 'कोयती, नग एक' एवढीच होईल. भरपाई 'तसाच' देऊं शकते; 'तो' देऊं शकत नाहीं. ज्या घरांत पूर्वजांचें छायाचित्र नाहीं, हस्ताक्षर नाहीं, दस्तऐवज नाहीं, त्या घरांत बापाच्या हाताचा ठसा उरतो तो मुठीच्या खळग्यांत. श्रीमंताची वंशावळ कागदावर असते. गरिबाची पुष्कळदां हत्यारावर असते. म्हणून अशा वस्तूस क्षुल्लक म्हणतांना आपण कोणाचा इतिहास क्षुल्लक ठरवितों, याचा विचार केला पाहिजे.

आतां एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख करणें भाग आहे. अलीकडे पुण्यासारख्या शहरांत 'कोयता' हा शब्द वर्तमानपत्रांतून दहशतीशीं जोडला गेला आहे. कांहीं तरुण टोळ्या रस्त्यांत कोयते नाचवितात, वाहनें फोडतात, लोकांवर वार करतात. त्यांना 'कोयता गँग' असें नांवहि पडलें आहे. याचा परिणाम असा होतो कीं, कष्टकरी माणसाच्या कमरेची कोयतीहि शहरी डोळ्यांना संशयास्पद दिसूं लागते. कायद्यानें मात्र हा घोटाळा केलेला नाहीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत मोठ्या पात्यांवर निर्बंध घालतांना घरगुती, शेतीच्या व धंद्याच्या कामासाठीं बनविलेलीं पातीं निराळीं गणलीं आहेत. म्हणजे हत्यार आणि शस्त्र यांतील भेद लोखंडांत नसून हेतूंत आहे, हें कायदाहि मानतो. टोळीच्या हातांतील कोयत्यानें बहुधा एकहि मोळी तोडलेली नसते. ज्याला हत्याराचें काम ठाऊक नाहीं, त्यालाच तें केवळ भीति घालण्याचें साधन वाटतें. तुम्हांपैकीं कोणी शौक म्हणून चाकू घेऊन शाळेंत किंवा आगगाडींत हिंडूं नये, हें निराळें सांगावयास नकोच; दाखविण्यासाठीं बाळगलेल्या पात्याचें मोल वाढत नाहीं, केवळ त्याचा धोका वाढतो.

शेवटीं एक शंका राहते. जुन्या वस्तूवर जीव जडविणें हा एक प्रकारचा लोभच नव्हे काय? लोभी मनुष्य वस्तु पेटींत ठेवतो, मोजतो, आणि कोणास देत नाहीं. कोयतीवरील माया याच्या नेमकी उलट आहे. कोयती पेटींत ठेवली तर एका पावसाळ्यांत गंजते. तिला जपावयाचें म्हणजे तिच्याकडून काम घ्यावयाचें, काम झाल्यावर ती पुसून कोरडी करावयाची, पावसाळ्यांत तेलाचें बोट फिरवावयाचें, धार वेळेवर लावावयाची, आणि अखेर ती दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची. जी वस्तु वापरल्याविना जपतां येत नाहीं आणि दिल्याविना पूर्ण होत नाहीं, तिच्यावरील प्रीतीला लोभ म्हणतां येणार नाहीं.

तेव्हां या सुटींत एक काम करा. आपल्या घरांतील सर्वांत जुनें धारेचें हत्यार शोधा. मग तें कोयती असो, विळी असो, अडकित्ता असो, कीं आजोबांच्या जुन्या कोटाच्या खिशांत राहिलेला चाकू असो. तें कोणी घडविलें किंवा कोठून आणलें, प्रथम कोणाच्या हातीं होतें, पातें कितीदां बदललें, मूठ कोणी तासली, त्यानें कोणतीं कामें केलीं, हें घरांतील वडील माणसांस विचारा आणि तारीख घालून दहा ओळींत लिहून ठेवा. लोखंडाला बोलतां येत नाहीं. ज्याला ही हकीकत ठाऊक आहे तो माणूस गेला कीं, त्याच दिवशीं 'ती' कोयती पुनः नुसती 'एक' कोयती होते, आणि मग जगांतील कोणताहि लोहार तिला पुनः पूर्वींची करूं शकत नाहीं. हत्यार परत देतांना, घरच्या रीतीप्रमाणें, मूठ घेणाऱ्याकडे आणि पातें आपल्याकडे करून द्यावें. वडिलांनीं तें आपल्याला तसेंच दिलेलें असतें.